ताई, खाली नाव टाकलंय, चालेल ना?

श्रावण लागला की माझ्या फोनवर हा मेसेज येतोच येतो. कधी गणपतीच्या स्मरणिकेसाठी कविता घेतलेली असते, कधी एकांकिका स्पर्धेचा फॉर्म भरायचा असतो, कधी कोणीतरी नवीनच यूट्यूबवर कथावाचन सुरू केलेलं असतं, आणि प्रश्न एकच, "ताई, खाली लेखकाचं नाव टाकलंय, चालेल ना?" नाही चालणार. नाव टाकणं वेगळं आणि विचारणं वेगळं. शेजारच्या काकांची स्कूटर न विचारता नेली आणि मागे "ही काकांची स्कूटर आहे" असं स्टिकर चिकटवलं तर काका खूश होतील का?

मी वकील नाही हे आधीच सांगते. डोंबिवलीत आमची एक छोटी हौशी नाट्यसंस्था आहे, तालमी कधी सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी शाळेच्या रिकाम्या वर्गात, आणि बारा वर्षांपूर्वी परवानग्यांची फाईल कोणीच घेईना म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून जे काही शिकले ते ठेचा खाऊनच. त्यामुळे हे सगळं माझ्यासारख्यांसाठी, म्हणजे स्मरणिका, एकांकिका, अभिवाचन, छोटे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आहे. लाखांचे व्यवहार असतील तर सरळ वकील गाठा.

पहिली ठेच सांगते. आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत आईवरची एक कविता छापली, व्हॉट्सॲपवर फिरत आलेली, खाली एका मोठ्या कवीचं नाव होतं म्हणून आम्हीही तेच छापलं, आणि पानात बसत नव्हती म्हणून शेवटचं कडवं उडवलं. चारशे प्रती वाटून झाल्या आणि आठ दिवसांनी नाशिककडून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन. आवाज अगदी शांत. "कविता माझी आहे, नाव दुसऱ्याचं आहे, आणि जे कडवं तुम्ही गाळलंत ना, त्याच्यासाठीच मी बाकीची लिहिली होती." बाईंनी पैसे मागितले नाहीत, फक्त दुरुस्ती मागितली. मग आम्ही पाचजणींनी बसून तिचं नाव आणि ते कडवं छापलेल्या पट्ट्या कापल्या आणि घरोघरी जाऊन स्मरणिका परत मागून डिंकाने चिकटवल्या. काही घरांत तोपर्यंत ती रद्दीत गेली होती. एका कवितेत तीन चुका केल्या आम्ही, न विचारता छापली, नाव चुकवलं, आणि कापली. या तिन्ही चुका कायद्यात वेगवेगळ्या मोजल्या जातात हे मला नंतर कळलं.

आपला कायदा म्हणजे कॉपीराइट ॲक्ट १९५७, त्यात वेळोवेळी बदल झालेत, मोठा बदल २०१२ चा. मराठीत याला प्रताधिकार म्हणतात, पण बोलताना सगळे कॉपीराइटच म्हणतात. कथा, कविता, नाटक, चाल, चित्र, फोटो, सिनेमा, ध्वनिमुद्रण हे सगळं त्यात येतं. आणि लोकांना खरं वाटत नाही अशी गोष्ट म्हणजे हा हक्क मिळवायला काही करावं लागत नाही. लिहिलं, काढलं, रेकॉर्ड केलं की हक्क आपोआप तयार. दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसात नोंदणी करता येते, कथा-कवितेसाठी फी ५०० रुपये आहे, उद्या भांडण झालं तर पुरावा म्हणून ती कामाला येते, पण नोंदणी नाही म्हणून कविता बेवारस असं होत नाही. वर्तुळातला सी (©, कॉपीराइटची खूण) छापलेला नसला तरी हक्क असतोच. आणि फेसबुकवर पब्लिक पोस्ट केली म्हणजे पब्लिकची झाली असंही नाही.

जे राखलेलं आहे ते म्हणजे मांडणी, कल्पना नाही. यावर सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा आर. जी. आनंद खटला प्रसिद्ध आहे. एका नाटककाराचं म्हणणं होतं की प्रांतवादावरच्या माझ्या नाटकावरून सिनेमा काढला, आणि कोर्टाने सांगितलं की विषयावर, कल्पनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तीच कल्पना दुसऱ्याने वेगळ्या पद्धतीने मांडली तर ती चोरी नाही. त्यामुळे सासू-सुनेच्या लिफ्टमध्ये अडकण्यावर एकांकिका असेल तर तुम्हीही लिफ्टमध्ये कोणालाही अडकवा, फक्त संवाद, प्रसंगांचा क्रम, पात्रं उचलू नका. "इन्स्पायर्ड बाय" लिहिलं की सुटलो असं समजणारे दिग्दर्शक मी बरेच पाहिलेत.

आता पहिलं काम, ज्याची परवानगी काढायची ते मुळात हक्कात आहे का हे बघणं. कधीकधी परवानगी लागतच नाही आणि आपण उगाच पत्ते शोधत बसतो. साधा हिशोब असा, लेखक, कवी, नाटककार, संगीतकार, चित्रकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ही ६० वर्षं मोजायची पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी गेले १९५० मध्ये, म्हणजे मोजणी १ जानेवारी १९५१ पासून, संपली ३१ डिसेंबर २०१० ला. त्यांनी जिवंतपणी छापलेलं आता कोणीही छापावं, वाचावं, नाटक करावं. राम गणेश गडकरी १९१९ ला गेले, ते कधीच मोकळे झाले. आचार्य अत्रे १९६९ ला गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत थांबा किंवा विचारा. पु. ल. २००० साली गेले, तिथे २०६० पर्यंत विचारावंच लागणार, आणि तरीही स्नेहसंमेलनात सगळ्यात जास्त न विचारता केलं जातं ते त्यांचंच. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती, रवींद्रनाथ टागोरांना जाऊन ५० वर्षं झाली त्या सुमाराला, १९९१-९२ मध्ये ती ६० केली.

दोन अपवाद लक्षात ठेवा. लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेलं असेल तर ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी गेल्या १९५१ मध्ये, त्यांच्या गाण्यांचा संग्रह आला १९५२ मध्ये, म्हणजे त्या संग्रहाची मोजणी १९५३ पासून, आणि २०१२ अखेर मोकळा. आणि सिनेमा व ध्वनिमुद्रण यांनाही प्रसिद्धीपासून ६० वर्षं, माणसाच्या आयुष्याशी संबंध नाही.

आणि इथेच एक खड्डा आहे ज्यात भलेभले पडतात. ज्ञानेश्वरी मोकळी आहे, तुकोबांचे अभंग मोकळे आहेत, अर्थातच. पण कोणी अलीकडे ज्ञानेश्वरीचं सोप्या मराठीत रूपांतर केलंय, ते रूपांतर त्यांचं आहे. अभंग तुकोबांचा पण चाल एखाद्या संगीतकाराची, आणि आपण वाजवतो ते रेकॉर्डिंग एखाद्या कंपनीचं. आमच्या संस्थेत एकदा कीर्तनाच्या प्रसंगात मोबाईलवरून एक अभंग लावला आणि त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, दहा मिनिटांत क्लेम आला, आणि आमचा प्रकाशयोजनावाला चिडून म्हणे "तुकोबांचे काय वारस आलेत का आता!" तुकोबांचे नाही रे बाबा, कॅसेट कंपनीचे आलेत. शेवटी तोच अभंग आमच्या एका मुलीने स्वतःच्या साध्या चालीत म्हटला, तो जास्त चांगला झाला हे वेगळं.

गाण्याचं तर असं थरावर थर असतं. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि तयार रेकॉर्ड म्युझिक कंपनीचा. ग. दि. माडगूळकर १९७७ ला गेले आणि सुधीर फडके २००२ ला, म्हणजे या दोघांच्या एकाच गाण्यातले शब्द २०३७ संपल्यावर मोकळे होतील आणि चाल २०६२ संपल्यावर. तोपर्यंत नुसते शब्द स्मरणिकेत छापायचे तरी गदिमांच्या वारसांकडे किंवा त्यांनी हक्क ज्याला दिले त्याच्याकडे जायचं, आणि रेकॉर्ड वाजवायचा तर वेगळ्या दारात. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी संस्था, रेकॉर्डसाठी पीपीएल, म्हणजे म्युझिक कंपन्यांच्या वतीने परवाने देणारी संस्था, किंवा थेट कंपनी. प्रत्येक गाणं या संस्थांकडे असेलच असं नाही, म्हणून पैसे भरायच्या आधी गाण्यांची यादी पाठवून "यातलं काय काय तुमच्याकडे आहे" हे लेखी विचारून घ्यायचं.

आता सवलती. सगळीकडे परवानगी लागते असंही नाही. कलम ५२ मध्ये मोठी यादी आहे, आपल्या कामाचं तेवढं सांगते. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, चालू घडामोडींच्या बातमीसाठी योग्य प्रमाणात उतारा घेता येतो. पुस्तकाचं परीक्षण लिहिताना चार ओळी दिल्या तर कोणी अडवत नाही, पण परीक्षणाच्या नावाखाली अख्खी कथा वाचून दाखवली आणि शेवटी "कशी वाटली कमेंटमध्ये सांगा" म्हटलं तर ती समीक्षा नव्हे. तीस सेकंदांपर्यंत चालतं, दहा टक्क्यांपर्यंत चालतं, असले आकडे लोक ठामपणे सांगतात, आपल्या कायद्यात असा कुठलाही आकडा नाही. शाळा-कॉलेजच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक केलं आणि समोर विद्यार्थी, पालक, शाळेशी संबंधित माणसं एवढेच असतील तर चालतं. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत, लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवण्यालाही सूट आहे, २०२३ मध्ये केंद्राने तसं परत एकदा जाहीरही केलं, तरी हॉटेलवाले आणि लायसन्सवाले यांच्यात यावरून वाद चालूच असतात.

आणि आमच्यासारख्यांना सगळ्यात महत्त्वाची सवलत, हौशी क्लब किंवा संस्थेने, पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर, केलेला प्रयोग. हे वाचून पहिल्या वर्षी मला एवढा आनंद झाला होता की मी फाईल बंदच करणार होते. पण नीट बघा. ती सूट प्रयोगाला आहे. त्याचं शूटिंग करून यूट्यूबवर टाकायला नाही, संहितेच्या वीस झेरॉक्स काढायला नाही, मराठीत रूपांतर करायला तर नाहीच. देणगी प्रवेशिका हे तिकीटच धरलं जाऊ शकतं. आणि स्पर्धेचे आयोजक तर लेखकाचं परवानगीपत्र मागतातच, राज्य नाट्य स्पर्धेलाही ते लागतं, त्यामुळे कायद्यात सूट असली तरी फॉर्मच्या खिडकीवर ती कोणी ऐकून घेणार नाही. शिवाय मला विचाराल तर लेखक जिवंत आहे, फोन लागतो, मग त्याला न कळवता त्याचं नाटक करायचं हे बरं दिसत नाही, कायदा काही म्हणो.

एक गैरसमज नाटकवाल्यांत पक्का बसलेला आहे तो इथेच काढते. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला आपण सगळे सेन्सॉर म्हणतो, ते मिळालं म्हणजे लेखकाची परवानगी मिळाली असं नाही. मंडळ बघतं संहितेत आक्षेपार्ह काय आहे ते. लेखकाने तुम्हाला नाटक करायला दिलंय का हा वेगळा प्रश्न आणि वेगळा कागद. "सेन्सॉर नंबर आहे ना आपल्याकडे" हे वाक्य मी ज्या आत्मविश्वासाने ऐकलंय तो आत्मविश्वास मला परीक्षेत असता तर बरं झालं असतं.

आता कोणाला विचारायचं. निम्मी मेहनत इथेच जाते. पुस्तक हातात घ्या आणि सुरुवातीची ती बारीक अक्षरातली पानं उघडा जी कोणी वाचत नाही. तिथे प्रकाशकाचं नाव असतं, मुद्रकाचं असतं, आणि वर्तुळातल्या सीपुढे एक नाव असतं, मराठी पुस्तकात ते पुष्कळदा लेखकाच्या पत्नीचं किंवा मुलीचं असतं. नाटकाच्या पुस्तकात तर बहुतेक वेळा स्पष्टच छापलेलं असतं की या नाटकाचे प्रयोग, भाषांतर, चित्रपट यांचे हक्क अमक्यांच्या स्वाधीन, प्रयोगापूर्वी लेखी परवानगी आवश्यक, आणि खाली पत्ता. त्या पत्त्यावर वाडा पडून टॉवर झालेला असतो तो भाग निराळा.

आमची दुसरी ठेच अशीच. एका नाटकासाठी प्रकाशकाला विचारलं, त्यांनी आनंदाने लेटरहेडवर परवानगी दिली, मानधनही घेतलं. प्रयोगाच्या आठवडाभर आधी लेखकाच्या मुलीने जाहिरात बघून विचारलं, तुम्हाला कोणी दिली? प्रकाशकाकडे फक्त पुस्तक छापायचे हक्क होते, प्रयोगाचे हक्क घरीच होते. नशीब, त्या ताईंनी समजून घेतलं, पण मानधन दोनदा गेलं. तेव्हापासून मी प्रकाशकाला एवढंच विचारते, "प्रयोगाचे हक्क तुमच्याकडे आहेत की लेखकाकडे, आणि लेखकांशी संपर्क करून द्याल का?" पुस्तकाचा हक्क, प्रयोगाचा हक्क, भाषांतराचा, ऑडिओचा, सिनेमाचा, हे सगळे वेगवेगळे कापून वेगवेगळ्या लोकांना दिलेले असू शकतात. लेखक गेलेला असेल तर मृत्युपत्र आहे का, नाहीतर वारस कोण कोण, आणि तीन भावंडं असतील तर एकाने "आमचं काही नाही, करा" म्हटलं ते पुरत नाही, बाकी दोघांचंही हो लागतं किंवा सगळ्यांच्या वतीने बोलणारा एक ठरलेला लागतो.

भाषांतरित नाटक असेल तर दोन दारं, मूळ लेखक आणि भाषांतरकार. भाषांतरकाराने मूळ लेखकाकडून घेतलेली परवानगी फक्त छापण्यापुरती होती की प्रयोगासकट, हे त्यालाच विचारा, बऱ्याचदा त्यालाही आठवत नाही.

आणि स्वतः पैसे देऊन करून घेतलेल्या गोष्टींचंही बघून ठेवा. फोटोग्राफरला पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क साधारणपणे काढून घेणाऱ्याकडे येतो. पण संगीतकाराला पाच हजार देऊन नाटकाचं संगीत करून घेतलं किंवा मित्राकडून संहिता लिहून घेतली, तर पैसे दिले म्हणून हक्क तुमचा झाला असं होत नाही. हक्क कायमचा घ्यायचा तर लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. हे लिहिणाऱ्यांनीही वाचावं. काही स्पर्धांच्या नियमांत बारीक अक्षरात "पाठवलेल्या संहितांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील" असं असतं आणि मुलं दोनशे रुपये प्रवेश फी भरून वर नाटकही देऊन बसतात.

माणूस सापडला, आता पत्र. बहुतेक लोक लिहितात ते असं, "नमस्कार सर, आम्ही आपलं नाटक बसवत आहोत, कृपया परवानगी द्यावी ही नम्र विनंती." आता हे वाचून लेखकाने काय समजावं? कोणतं नाटक, कुठे, किती प्रयोग, तिकीट आहे का, आणि "बसवत आहोत" म्हणजे तुम्ही सुरू करून मोकळे झालात, मग विचारताय कशाला? उत्तर येत नाही आणि मग आपण म्हणतो लेखक माजलाय. माझं पत्र आता साधारण असं असतं:

"नमस्कार सर. मी डोंबिवलीच्या एका हौशी नाट्यसंस्थेतर्फे लिहितेय. आपल्या अमुक एकांकिकेचा एक प्रयोग १४ डिसेंबरला कल्याणच्या एका स्पर्धेत करायची इच्छा आहे. प्रेक्षकांना प्रवेश मोफत, स्पर्धेला रोख बक्षीस आहे. पुढच्या फेरीत गेलो तर जास्तीत जास्त आणखी दोन प्रयोग होतील, ते आधी कळवू. वेळेच्या मर्यादेमुळे पान ११ वरचा बसस्टॉपचा प्रसंग थोडा कमी करायचा विचार आहे, खुणा करून पान सोबत जोडलंय, आपल्याला चालणार नसेल तर आहे तसा करू. व्हिडिओ कुठेही टाकणार नाही. आपलं नाव जाहिरातीत, पत्रिकेत आणि प्रयोगाआधीच्या निवेदनात येईल. मानधन किती ते सांगावं. २० सप्टेंबरपर्यंत कळलं तर तालमी सुरू करता येतील. 'वरीलप्रमाणे परवानगी आहे' एवढं उत्तर आलं तरी पुरे."

बस एवढंच. यातली शेवटची ओळ सगळ्यात कामाची, कारण समोरच्याला परत पत्र लिहीत बसावं लागत नाही. ईमेलवरचं उत्तरही लेखी धरलं जातं, व्हॉट्सॲपवर आलं तर मी त्याचा स्क्रीनशॉट नंबरासकट काढून प्रिंट मारून फाईलला लावते आणि वर तेच ईमेलवर पाठवून "आपण काल परवानगी दिलीत त्याबद्दल आभार" असं लिहिते. फोनवर मिळालेल्या होकाराचं मात्र काही खरं नसतं. म्हणजे लेखक फिरतो असं नाही, पण त्याच्या डोक्यात एक प्रयोग असतो आणि आपल्या डोक्यात अख्खा सीझन.

मानधनाला लाजू नका. तुम्ही रंगपटाला पैसे देता, टेम्पोला देता, बटाटेवड्यांना देता, आणि ज्याच्या शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे त्यालाच "सर, हौशी आहोत" सांगता. आम्ही एका प्रयोगाला पाचशेही दिलेत आणि तीन हजारही, आणि "आधी नाटक करा, नंतर बघू" म्हणून काहीच न घेणारे लेखकही भेटलेत. परवडत नसेल तर आपलं बजेट सरळ सांगायचं.

उत्तर नाही आलं तर? आठ-दहा दिवसांनी एक आठवण, मग एक फोन, मग प्रकाशकामार्फत किंवा ओळखीच्या नाटकवाल्यांमार्फत निरोप. तरी नाही आलं तर त्याचा अर्थ नाही. "काही हरकत असल्यास कळवावे, अन्यथा परवानगी गृहीत धरू" हे वाक्य कितीही ऑफिशियल वाटलं तरी त्याने परवानगी तयार होत नाही. हक्कदार सापडतच नसेल तर कायद्यात त्यासाठी कोर्टाकडून लायसन्स घ्यायची सोय आहे, पण एका एकांकिकेसाठी कोण कोर्टात जाणार, आपण दुसरी एकांकिका निवडतो. म्हणून मी नेहमी दोन संहिता हातात ठेवते आणि परवानगी आल्याशिवाय वाचनापलीकडे जाऊ देत नाही. मुलं कुरकुर करतात.

कापाकापीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ते नाशिकच्या बाईंचं कडवं मला अजून टोचतं. कलम ५७ प्रमाणे लेखकाचा एक हक्क असा आहे जो त्याने बाकी हक्क विकले तरी त्याच्याकडे राहतो, आपलं नाव लागण्याचा, आणि कृतीची अशी मोडतोड झाली की ज्याने त्याच्या नावाला धक्का लागेल तर आक्षेप घेण्याचा. दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने निकाल दिला तो यावरच होता, त्यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं, शिल्प सरकारच्याच मालकीचं होतं तरीसुद्धा. आपल्याकडे शेवट बदलणं, शिव्या घालणं, पात्राची जात किंवा गाव बदलणं, मध्येच आयटम साँग टाकणं हे दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य समजलं जातं. एका लेखकांनी मला सरळ लिहिलं होतं, "तो प्रसंग काढायचा असेल तर दुसरं नाटक घ्या." आम्ही प्रसंग ठेवला आणि दोन ब्लॅकआउट कमी करून वेळ वाचवली.

यूट्यूबवाल्यांसाठी. कथावाचन म्हणजे "साहित्याचा प्रसार" हे मान्य, पण अख्खी कथा वाचून टाकण्यासाठी ऑडिओचे हक्क लागतात, चॅनेलवरून पैसे मिळोत वा न मिळोत. खाली "कॉपीराइट भंग करण्याचा हेतू नाही" लिहिण्याने काहीच होत नाही, उलट तुम्हाला माहीत होतं एवढं सिद्ध होतं. क्लेम आणि स्ट्राइक यात फरक आहे. कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं-व्हिडिओ आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा क्लेम आला तर बहुतेक वेळा व्हिडिओचे पैसे दुसऱ्याकडे वळतात किंवा तो काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराने कायदेशीर तक्रार केली, आणि ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. तुमच्याकडे परवानगी असेल तर हरकत नोंदवता येते, तेव्हा तो फाईलमधला कागद लागतो. परवानगी मागतानाच चॅनेलचं नाव, व्हिडिओ किती काळ राहणार, जाहिराती लावणार का हे लिहा, नाहीतर लेखकाला वाटतं घरगुती ग्रुपवर टाकणार असतील.

चित्रांचं थोडक्यात. गुगल इमेजेसवरून उचललेलं चित्र गुगलचं नसतं, कोणाचंतरी असतं. त्यापेक्षा विकिमीडिया कॉमन्स या साइटवर जा, तिथे प्रत्येक चित्राखाली लायसन्स लिहिलेलं असतं. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे मालकाने आधीच दिलेली परवानगी, पण अटींसकट, नाव द्या, काहींत धंद्यासाठी वापरू नका, काहींत बदल करू नका, काहींत तुम्ही केलेलंही त्याच अटींवर खुलं करा. जाहिराती घेऊन छापलेली स्मरणिका धंदा धरायची की नाही यावर वाद घालण्यापेक्षा ती अट नसलेलं चित्र घ्या. आणि लायसन्सचं पान त्याच दिवशी सेव्ह करून ठेवा, कारण चित्र नंतर काढून टाकलं गेलं तर दाखवायला काहीतरी हवं.

न विचारता वापरलं आणि पकडले गेलात तर, आमचं झालं तसं, पहिल्यांदा काढून टाका आणि मग फोन करा, वाद घालू नका. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. हौशी संस्थेतलं कोणी तुरुंगात गेलेलं मी तरी पाहिलं नाही, पण प्रयोगाच्या आदल्या रात्री नोटीस आलेली पाहिलीय, आणि त्या रात्री त्या दिग्दर्शकाचा चेहरा.

प्रयोग झाल्यावर लेखकाला पत्रिका, दोन फोटो आणि उरलेलं मानधन आठवड्याच्या आत पाठवा, हे कोणी करत नाही आणि म्हणूनच ते लक्षात राहतं. नाशिकच्या बाईंना आम्ही पट्टी चिकटवलेली प्रत कुरियर केली होती. त्यांचा परत फोन आला, पट्टीवर त्यांच्या आडनावाची वेलांटी चुकली होती.